पंधरा फूट खोल लांब उडी

कोणतीही गोष्ट सुधारायची तर ती आधी नीट मोजावी लागते, आणि मोजून होईपर्यंत ती बिघडलेलीच राहील याची काळजी घ्यावी लागते. शहाण्या माणसांना हे तत्त्व केव्हाच पटलेलं आहे. रामोग्वे प्राथमिक शाळेच्या हेडमास्तरीणबाई पर्पेतुआ अवूर यांना मात्र ते पटेना, कारण त्यांच्या शाळेचा संडास पडला होता.

पडला म्हणजे खचला. सरोवराकाठची काळी माती पावसात फुगली आणि संडास स्वतःच्याच खड्ड्यात गेला. भिंती, दार आणि ‘हात धुवा’ या पाटीसकट. तेव्हापासून शाळेची चारशे मुलं मैदानापलीकडच्या घाणेरीच्या झुडपांमागे जात. (झुडपाचं हे नाव पूर्वीपासूनचं आहे, शाळेमुळे पडलेलं नाही.) जिल्हा कार्यालयाने या प्रश्नाची गंभीर दखल घेतली आणि ती बरीच वर्षं घेतच राहिलं. शेवटी पालकांनीच कुदळी उचलल्या. खड्डा छातीइतका झाला आणि शहरातून ‘कृमी व काटकपणा अभ्यास प्रकल्पा’ची जीप आली.

जीपमधून डॉक्टर किलोन्झो उतरले. माणूस सज्जन, मृदुभाषी, प्यायचं पाणी स्वतःचं आणणारा. पोटात जंत असल्याने खेड्यातल्या मुलांचा काटकपणा कमी होतो काय, हे त्यांना शोधायचं होतं. (हे मुलांच्या आयांना विचारलं असतं तर डिझेल वाचलं असतं, पण आयांचं उत्तर छापता येत नाही.) त्यासाठी दोन शाळा निवडल्या होत्या. शेजारच्या गावची ‘औषध-शाळा’, तिथे गोळ्या द्यायच्या; आणि रामोग्वे ही ‘तुलना-शाळा’.

“तुलना-शाळेनं करायचं काय?” बाईंनी विचारलं.

“काहीच नाही, मॅडम. जसे आहात तसेच राहायचं.”

“जमेल की,” पालक समितीचे अध्यक्ष ओमुगा म्हणाले. “आमच्या तीन पिढ्यांचा अनुभव आहे.”

मग डॉक्टरांची नजर खड्ड्याकडे गेली. “हे काय चाललंय?”

“संडास.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “अरेरे! संडास झाला तर जंत कमी होतील हो.”

“म्हणून तर बांधतोय.”

“पण मग ते कशानं कमी झाले, हे कसं कळणार?”

“कमी झाले एवढं कळेल की!”

“तेवढं पुरत नाही, मॅडम,” डॉक्टर खऱ्याखुऱ्या दुःखाने म्हणाले.

खोदकाम थांबलं. तुलना बिघडू नये म्हणून गावाने आणखीही खबरदारी घेतली. चर्चच्या महिला मंडळाने दिलेला साबण सन्मानपूर्वक परत केला. ज्या मुलांना अभ्यासकाळात चपला मिळतील त्यांनी त्या घरीच घालाव्यात असं ठरलं. गणिताचे मास्तर तीन महिने शाळेत आले नव्हते. त्यांनाही आहे त्या स्थितीत राहण्याची विनंती करण्यात आली आणि त्यांनी ती निरोप्याच्या देखतच मान्य केली.

विरोध केला तो फक्त डोर्कास आजींनी. नातवाला शौचाच्या नमुन्यासाठी मिळालेली डबी घेऊन त्या थेट डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या. “जंत काढणार म्हणे तुम्ही? मग पोटात मक्याची उगाली कोण चावणार? आतले खातात तेव्हा कुठं आपल्याला जिरतं! सगळे काढलेत तर पोरगं मरेल की माझं.”

डॉक्टरांनी आजींना आकृती काढून सगळं समजावलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्हाला आहेत का?”

“नाही.”

“तरीच एवढे वाळलात,” म्हणून आजींनी त्यांच्यासाठी वाफाळता चहा पाठवून दिला.

मग धावण्याची चाचणी झाली. मैदानावर वीस मीटर अंतराने दोन रेघा मारल्या. एक यंत्र ‘टूक’ करी. दुसऱ्या टूकच्या आत मुलाने पलीकडची रेघ गाठायची, मग परत फिरायचं, आणि टूक हळूहळू घाईवर येत जायचे. शंभरातल्या ब्याण्णव मुलांना आपण कोणाला पकडायचंय हे समजलं नाही. उरलेल्या आठांना आपल्याला कोण पकडतंय हे समजलं नाही, त्यामुळे ती जास्त जोरात धावली.

तिसरीतली अकेयो, ओमेना मासळी विकणाऱ्या बाईची मुलगी, तिसऱ्याच फेरीत दोन रेघांच्या मधोमध खाली बसली. यंत्र टूक करत राहिलं. मदतनीसाने ‘स्वेच्छेने थांबली’ अशी नोंद केली. अवूर बाईंनी जाऊन पोरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक.

“हिला गोळी द्या, डॉक्टर.”

“देणार ना! अभ्यास संपला की सगळ्यांना देणार. दोन वर्षांनी.”

“आणि दोन वर्षं हिनं काय करायचं?”

“जशी आहे तशी...” डॉक्टर म्हणाले आणि थांबले. वाक्य पुरं केलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

बाईंनी अकेयोला पाठीवर घेऊन वर्गात नेलं. पाठीवर काही आहे असं वाटतच नव्हतं. बाईंना रडू आलं नाही, संताप आला. आणि संतापलेली हेडमास्तरीण फार शिस्तीने वागते. संध्याकाळी त्या औषध-शाळेच्या हेडमास्तरांकडे गेल्या. ते त्यांचे सख्खे दीर.

“भावोजी, उरलेल्या गोळ्यांचं काय करता?”

“परत पाठवायच्या असतात, वहिनी.”

“उंदीर खातात का हो त्या गोळ्या?”

भावोजींनी वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं. “खात असावेत.”

“मग तुमच्याकडे उंदीर फारच झालेत.”

(त्या वर्षी औषध-शाळेचे उंदीर जिल्ह्यात सर्वांत निरोगी होते, असं कागदोपत्री सिद्ध करता येतं.)

दुसऱ्या दिवशी ओमुगांनी खड्ड्यात पुन्हा कुदळ मारली.

डॉक्टर पुन्हा आले ते पावसाळा उलटल्यावर. मैदानाच्या कडेला पक्क्या विटांची, पत्र्याच्या छपराची, दोन दारांची वास्तू उभी होती.

“मॅडम, हे काय?”

“लांब उडी,” बाई म्हणाल्या. “काटकपणाचा अभ्यास आहे ना. म्हटलं, मुलांना खेळाची सोय हवी.”

डॉक्टरांनी दार उघडून आत वाकून पाहिलं. “खड्डा किती खोल आहे?”

“पंधरा फूट. मुलं फार जोरात पडतात.”

“आणि या भिंती?”

“वारा असतो ना. उडीचं माप चुकतं.”

“दारं दोन?”

“मुलींची स्पर्धा वेगळी घेतात, साहेब. शहरात एकत्र असते का?”

“पण एवढ्याशा भोकात उडी कशी मारणार?”

“सरावानं नेम बसतो,” ओमुगा अदबीने म्हणाले.

डॉक्टरांनी दार हळूच लावून घेतलं. मग मदतनीसाला म्हणाले, “लिही. क्रीडासुविधा, एक.” त्यांना कळलं होतं की नाही यावर गावात आजही दोन तट आहेत. निघण्याआधी त्यांनी स्वतः एक उडी मारली, याबद्दल मात्र एकमत आहे.

यथावकाश अभ्यास संपला. औषध-शाळेला संडास नव्हता, त्यामुळे तिथे जंत गोळी दिली की जात आणि घाणेरीमागून परत येत. रामोग्वेत, जिथे काहीही केलेलं नव्हतं, तिथे मात्र ते दिसेनासे झाले. शेवटच्या चाचणीत अकेयो यंत्राची बॅटरी संपेपर्यंत धावत होती, आणि नंतर टूक नसतानाही धावली. अहवाल शहरात लिहिला गेला. लिहिणाऱ्यांनी रामोग्वे पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं मन स्वच्छ होतं. रामोग्वेत जास्तीचं होतं ते एकच: लांब उडी. सबब, उडीच्या वेळी आतड्यांना जे हिसके बसतात त्यांनी जंतांचा मुक्कामाचा उत्साह मावळतो, असा निष्कर्ष निघाला. तो इतका नवा होता की त्यावर शंका घेणं असंस्कृतपणाचं दिसलं असतं.

सरकारने तत्परता दाखवली. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत लांब उडीची जागा तयार झाली. खरीखुरी, सहा इंच मऊ वाळूची, भिंती-छपराविना. त्या शाळांतही संडास नव्हते. मुलांनी मऊ वाळू पाहिली आणि झुडपापर्यंत जाण्याचा त्रास वाचवला. जंत वाढले. त्यावरून उड्या तंत्रशुद्ध नाहीत हे उघड झालं, आणि शिक्षकांसाठी ट्रॅकसूटसह प्रशिक्षण निघालं.

याच प्रशिक्षणाच्या उद्घाटनाला अवूर बाईंचा सत्कार ठरला. उडीच्या तंत्रावर त्यांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती होती. मंडपात ओमुगा त्यांच्या कानाशी लागले. “बाई, शाल घ्या, फुलं घ्या आणि खाली बसा. खरं बोललात तर नियमभंग म्हणून बुजवतील आपला संडास. पोरं पुन्हा झुडपात.”

बाईंनाही तीच भीती होती. तो संडास त्यांना सख्ख्या पोरासारखा झाला होता. पण समोर सतरंजीवर इतर शाळांची मुलं बसली होती, पोटं फुगलेली, चेहरे पिवळे. आणि पहिल्या रांगेत एक मुलगी बसल्या बसल्या पेंगत होती, भर सकाळी. बाई उठल्या.

“साहेब, आमच्याकडे कोणी उडीबिडी मारत नाही. तो संडास आहे. आणि पोरांना गोळ्या दिल्या मी, चोरून. या पोरांनाही संडास बांधून द्या, गोळ्या द्या. बाकी काही नको.”

सगळ्यांनी आधी प्रमुख पाहुण्यांकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि हशाचा असा स्फोट झाला की कनातीवरचे कावळे उडाले. डोळे पुसत पाहुणे म्हणाले की लांब उडीने विनोदबुद्धीही सुधारते, याचा आता वेगळा अभ्यास व्हायला हवा. टाळ्या पडल्या. बाईंच्या खांद्यांवर शाल घातली गेली आणि कार्यक्रम पुढे सरकला. रामोग्वेचा संडास वाचला. इतरांना वाळू मिळाली.

मंडपात हसलेल्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बाई खरं बोलताहेत हे त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी इथवर येईपर्यंत आपण बरेचदा हसलात.