मुनीमजींची बक्षिसी

वामनराव महाजन कोणालाही गार नाणे देत नसत. न्हावी दाढीला बसला की त्यांची डावी मूठ आवळली जाई आणि दाढी संपेपर्यंत आवळलेलीच राही. त्या मुठीत आण्याचे नाणे तापत असे. शेवटचा वस्तरा फिरला की ते न्हाव्याच्या तळहातावर अलगद टेकवले जाई. "गार नाणं दिलं की ती भीक होते," ते म्हणत. "देण्याचीबी रीत असते, भो."

बुऱ्हाणपुरात त्यांना सारे मुनीमजीच म्हणत. कापसाच्या एका पेढीवर त्यांची उमर गेली होती. बायको निवर्तलेली, मूलबाळ नाही. मी त्यांचा शेजारी आणि मुन्सफ कोर्टातला पेशकार, साहेबांच्या हाताखालचा कारकून. कोणी आपण होऊन काही पुढे केले तर आपली नजर कुठे ठेवावी, हा प्रश्न मलाही अधूनमधून पडतो आणि त्याचे उत्तर मला नेहमी शोभेसे सापडतेच असे नाही. म्हणून त्यांच्या या वेडाकडे मी जरा अधिकच कुतूहलाने पाहत असे.

त्यांचे नियम कडक होते. बक्षीस कामानंतरच द्यायचे. चारचौघांत द्यायचे, पण त्याचा गाजावाजा करायचा नाही. घेणाऱ्याने नाण्याकडे पाहायचे नाही, नको म्हणायचे नाही आणि वाकायचेही नाही. कोणी फारच वाकला तर मुनीमजी चिडत. "सरळ उभा राय! मी काय कलेक्टर आहे?" कामात खोट दिसली तर मूठ उघडून नाणे दाखवायचे आणि पुन्हा खिशात टाकायचे. ही शिक्षा टांगेवाल्यांना चाबकाहून झोंबे. "मुनीमजी, घोडा बिदक गया था, मेरी क्या गलती?" असे म्हणत एक टांगेवाला त्यांच्या दारापर्यंत आलेला मी पाहिला आहे.

मावा जिलबीच्या दुकानात ते मालकाला दाम देत आणि कढईपाशी घामाघूम झालेल्या कारागिराला बक्षीस. "मालकाला नफा आहे. याला काय, धूर?" इथवर कोणाची तक्रार नव्हती. पण त्यांच्या हिशेबाने जगातले प्रत्येक चांगले काम बक्षिसाला पात्र होते, आणि घोटाळा तिथेच होई. एकदा स्टेशनावर त्यांनी थेट इंजिनापाशी जाऊन गोऱ्या ड्रायव्हरच्या काजळलेल्या हातात दुअन्नी ठेवली. "गाडी छान थांबवली, साहेब. माझ्या लोट्यातलं पाणी हललं नाही." साहेबाला भाषा कळली नाही, पण त्याने टोपीला हात लावला. डॉक्टरांनी मात्र त्यांना दवाखान्याबाहेर काढले. मुनीमजींना त्याचे नवल वाटले. "गळू एवढं सफाईनं कापलं, अन् घेताना एवढा राग?"

हे वेड कुठून आले, असे मी त्यांना एकदा विचारले. "आमचे शेठ दिवाळीची बक्षिसी गादीवरून फेकायचे," ते म्हणाले. "गोळा करता करता शिकलो, कशी द्यायची नाही ते." पण एवढ्याने माझे समाधान झाले नाही. फेकलेले उचलणारे पुष्कळ असतात. ते सगळेच काही इंजिनड्रायव्हरला गाठत नाहीत.

पुढे मुनीमजींच्या परसातल्या विहिरीवरून त्यांच्या पुतण्याने, रघुनाथने, दावा लावला. वाटणीत परस आपल्या वडिलांकडे आला, तेव्हा विहीरही आपलीच, असे त्याचे म्हणणे. कागद त्याच्या बाजूचे होते. आमचे मुन्सफसाहेब नागपूरकडचे. पक्षकारांना कळावा म्हणून ते निकाल मराठीतून सांगत. विहीर कोणी बांधली, जमीन कोणाची, हे सारे त्यांनी सावकाश सांगितले आणि निकाल रघुनाथच्या बाजूने दिला.

मुनीमजी उठले. त्यांची डावी मूठ आवळलेली मला दिसली. मी खुणेने नको नको म्हणत होतो. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. पुढे येऊन त्यांनी साहेबांच्या मेजावर चांदीचा रुपया ठेवला.

"साहेब, काम फार चांगलं केलं. पानसुपारीला असू द्या."



"काका, काय करू राहिले तुम्ही! बसा खाली!" रघुनाथ ओरडला.

त्याचे वकील खंडव्याहून आलेले, तरतरीत. ते ताडकन उठले. "लाच! भर कोर्टात लाच! साहेब, हा फौजदारी गुन्हा आहे. यांना खंडव्याच्या तुरुंगात पाठवलं पाहिजे!"

मुनीमजी सावकाश त्यांच्याकडे वळले. "वकीलसाहेब, लाच कामाआधी देतात, अन् टेबलाखालून. आणि मी तर हरलो आहे. हरलेला माणूस कशाची लाच देईल?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. साहेब हसले नाहीत. त्यांनी दौतीचे झाकण लावले. ते रागावले की असे करीत, हे मला ठाऊक होते. या वयात मुनीमजींच्या हातांत बेड्या पडणार, आणि त्यांना नेण्याचा हुकूम मला लिहावा लागणार, या विचाराने माझी लेखणी हातात जड झाली.

"तुमची विहीर गेली," साहेब म्हणाले. "मग माझं काम तुम्हाला आवडलं कशात? खरं सांगा. तुमच्या उत्तरावर पुष्कळ अवलंबून आहे."

मुनीमजी एरवी नियम सांगायला एका पायावर तयार असत. आता ते मेजावरच्या रुपयाकडे पाहत राहिले.

"तुम्ही तिचं नाव घेतलं," शेवटी ते म्हणाले.

"कोणाचं?"

"आमच्या घरातलीचं. नवऱ्यानं नाव घ्यायचं नाही, म्हणून मी 'अगं, ऐकलं का' म्हणायचो. आळीत ती मुनीमीणबाई. माहेरचं कोणी राहिलं नाही. ती गेली तेव्हापासून ते नाव कोणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं, साहेब. तुम्ही घेतलं. 'बाई' लावून घेतलं, एवढ्या लोकांत."

वकील खाली बसले. रघुनाथ आपल्या टोपीची घडी उलगडत आणि पुन्हा घालत होता. शेजारी असून दाव्याचे कागद पाहीपर्यंत ते नाव मलाही ठाऊक नव्हते.

साहेबांनी रुपया मुनीमजींकडे सरकवला. "कोर्ट बक्षीस घेत नाही. उचला." मग चष्मा सारखा करून ते म्हणाले, "पेशकार, मागची कुजबुज बंद करा. पक्षकाराला निकालाचा एक भाग नीट ऐकू गेला नसावा, असं कोर्टाला वाटतं."

आणि त्यांनी तो भाग पुन्हा वाचला, पहिल्यापेक्षा सावकाश. "दिवंगत यमुनाबाई यांनी अंगावरचे दागिने मोडून ही विहीर बांधवली आणि उन्हाळ्यात साऱ्या आळीला पाणी दिले. ही गोष्ट कोर्ट आदराने नमूद करते."

मुनीमजी मान खाली घालून ऐकत होते. त्या नावापाशी त्यांचे ओठ हलले. आवाज मात्र आला नाही.