राजेळीच्या खोलीतला हीट पंप

आत्मारामभाऊंना हीट पंप निवडायला अकरा महिने लागले आणि तो बसवायची जागा निवडायला अर्धा दिवस. पुढे जे काही झालं ते त्या अर्ध्या दिवसामुळे झालं. अकरा महिन्यांचा त्यात काही दोष नव्हता.

सुरुवात मागच्या थंडीत झाली. मुंबईतल्या एका सरकारी कचेरीचं ग्रंथालय चौतीस वर्षं सांभाळून आत्मारामभाऊ गिरीजच्या वाडीतल्या घरी निवृत्तीचे दिवस घालवत होते, म्हणजे वाचत होते. एका पहाटे नेहमीपेक्षा लवकर जाग आली आणि त्यांनी पाहिलं, सुनंदाबाई मागच्या पडवीतल्या चुलीवरून कढत पाण्याचा हंडा उतरवत होत्या. संधिवाताने बोटं सुजलेली. हंडा कलला, थोडं पाणी पायावर सांडलं. त्यांनी पदराने पाय पुसला आणि हंडा न्हाणीत नेऊन ठेवला. आत्मारामभाऊ दाराआडच उभे राहिले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि न्हाणीत गरम पाणी आपोआप येत नाही हे त्यांच्या आज प्रथमच नीट लक्षात आलं.

त्याच दिवशी त्यांनी एक वही केली. सुनंदाबाईंना काही सांगितलं नाही. सांगून मग जमलं नाही तर काय, ही भीती त्यांना जन्मभर होती.

विजेचा गीझर वहीच्या तिसऱ्या पानावर बाद झाला, कारण घरातली वायर वडिलांच्या काळातली होती आणि विहिरीची मोटर लावली की आतले दिवे आजही मंद होत. गॅसचा गीझर एका अपघाताच्या बातमीने गेला. ती बातमी त्यांनी तीनदा वाचली. सौर बंबाला छपरावर ऊन हवं, आणि छपरावर एकोणीस माडांची सावली. शिवाय पॅनेलवर नारळ पडला तर वॉरंटी चालू राहते का, असं त्यांनी एका कंपनीला पत्राने विचारलं होतं. उत्तर आलं नाही. उरला हीट पंप.

"फ्रिज माहितीय ना, काका?" गोखिवऱ्याला ज्याचं दुकान होतं त्या धनेशने समजावलं. "आतली गरमी ओढतो नि मागून बाहेर फेकतो. हा तसाच, फक्त उलटा. आजूबाजूच्या हवेतली गरमी ओढून पाणी तापवणार. लाईट पण कमी खातो."

"टाकी किती वर्षं टिकेल?"

"पाच वर्षं वॉरंटी."

"आणि सहाव्या वर्षी?"

"सहाव्या वर्षी मला फोन करा."

"तुम्ही असाल?"

धनेशने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "काका, तुम्ही मशीन घेताय की मुलीला स्थळ बघताय?"

आत्मारामभाऊ ओशाळले, पण पुढच्या आठवड्यात विहिरीचं पाणी बाटलीत भरून पुन्हा हजर झाले. गिरीजच्या विहिरीला खारेपणा, त्याने टाकी आतून गंजेल का, हे त्यांना विचारायचं होतं. त्यानंतर आवाज किती होतो, भाग कुठे मिळतात, दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो, हेही विचारून झालं. अकराव्या महिन्यात सगळ्या कसोट्यांना एक पंप उतरला. फक्त मापाचा प्रश्न होता.

"दोघंच आहात ना? शंभर लिटर खूप झालं," धनेश म्हणाला.

"दोघांच्या आंघोळी. शिवाय हिला संध्याकाळी हात शेकायला लागतील." आत्मारामभाऊंनी वहीतला हिशेब दाखवला. "दोनशेच द्या."

मुहूर्तही चांगला सापडला. भाच्याच्या लग्नासाठी सुनंदाबाई चार दिवस जूचंद्रला, माहेरी निघाल्या. निघताना त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली.

"केळ्यांच्या खोलीचं दार उघडू नका. सहा दिवसांनी मी बघेन."

केळ्यांच्या खोलीत राजेळीचे आठ घड पिकत घातले होते. राजेळी आता गावात मोजक्याच वाड्यांत उरलेली. ती पिकवून, उन्हात वाळवून तिची सुकेळी करणाऱ्या बायका त्याहून कमी. सुनंदाबाईंच्या सुकेळ्यांना मात्र नाव होतं. मऊ, मधाच्या रंगाची, बोटाला जेमतेम चिकटतील इतकीच ओलसर. आजवर ती सगळी नातेवाइकांत नि शेजारीपाजारी वाटली जायची. या वर्षी महिला मंडळाने फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि सुनंदाबाईंना स्वतंत्र टेबल दिलं. मंडळाने कापडी फलकही रंगवून आणला: 'सुनंदाताईंची सुकेळी'. सुनंदाबाईंनी तो चारदा उलगडून पाहिला होता. रेशनकार्ड सोडलं तर त्यांचं नाव असं कुठे लिहिलं गेलंच नव्हतं, आणि तिथेही ते आत्मारामभाऊंच्या खाली होतं.

त्या गेल्या त्याच सकाळी धनेश पंप घेऊन आला. "मागच्या पडवीत बसवू. मोकळी जागा आहे."

इथे अकरा महिन्यांचं वाचन आत्मारामभाऊंच्या मदतीला धावून आलं. पडवीत समुद्राकडचा खारा वारा, पत्रा गंजणार. शिवाय पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं होतं, की सभोवतालची हवा जितकी उबदार तितका पंप कमी विजेत चालतो. त्यांनी भिंतीवरचं तापमापक काढलं आणि खोलीखोलीतून फिरवलं. माजघर चोवीस. स्वयंपाकघर सव्वीस. आणि केळ्यांच्या बंद खोलीत, दार जेमतेम वीतभर उघडून हात आत घातला तर, एकतीस! पिकती केळी ऊब सोडतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आपल्याच घरात, आपल्याच वाडीतली ऊब, फुकट. आणि खोली न्हाणीला लागून. आयुष्यात प्रथमच आपल्याला काहीतरी स्वतःचं सुचलं, असं त्यांना वाटलं.

"पण आत केळी आहेत, काका."

"तीच तर गंमत आहे!" आत्मारामभाऊ म्हणाले. इतक्या ठामपणे ते कधी बोलत नसत. म्हणून धनेशने पंप तिथेच बसवला.

संध्याकाळी न्हाणीतल्या नळाला वाफाळतं पाणी आलं. आत्मारामभाऊंनी त्याखाली हात धरला आणि सुनंदाबाईंची सुजलेली बोटं डोळ्यांपुढे आणून स्वतःशीच हसले.

दुसऱ्या दिवशी केळ्यांच्या खोलीचं दार ओलसर लागलं. आत डोकावले तर अंगावर काटा आला. या वर्षी थंडी जरा जास्तच आहे, ते मनाशी म्हणाले. घडांचा हिरवा रंग उतरून राखेसारखा झाला होता. केळी गारठलीत, त्यांना ऊब द्यायला हवी, एवढं त्यांना कळलं. त्यांनी कपाटातून दोन शाली, तीन स्वेटर आणि एक कानटोपी काढली. कानटोपी सर्वांत लहान घडाला बसली.

तिसऱ्या दिवशी केळ्यांवर काळे ठिपके दिसले. आता शालींनी भागणार नव्हतं. पण घरात दोनशे लिटर गरम पाणी होतं! आत्मारामभाऊंनी बादल्या भरल्या, घमेली भरली, सुनंदाबाईंची शेकायची पिशवी भरली आणि घडांच्या मधोमध मांडली. पाणी निवलं की ओतायचं, पुन्हा भरायचं. कंबर दुखायला लागली. गंमत म्हणजे ते जितक्या बादल्या भरत तितका पंप जोराने गुरगुरे, आणि खोली तितकी गार होई. तो बिचारा आपल्याला साथ देतोय, असंच त्यांना वाटत होतं.

चौदाव्या बादलीनंतर ते दम घ्यायला बसले आणि सवयीने पुस्तिका उघडली. सतराव्या पानावर एक वाक्य होतं: पाणी तापवताना यंत्रातून थंड हवा बाहेर पडते. त्याखाली पेन्सिलीची रेघ होती. समासात त्यांच्याच नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'उन्हाळ्यात उपयोगी.'

तापमापकावर अकरा अंश होते.

त्यांनी पंप बंद केला, दार लावलं आणि दाराबाहेर जमिनीवर बसून राहिले. केळ्यांवरचं पुस्तक घरात होतं. तेरा अंशांखाली गारठलेलं केळं पुढे कितीही ऊब दिली तरी पिकत नाही, काळं पडतं, असं त्यात दिलं होतं. ते पुस्तक त्यांनी सेवानिवृत्तीच्या वर्षी घेतलं होतं आणि प्रस्तावनेपर्यंत वाचलं होतं.

सुनंदाबाई चौथ्या दिवशी आल्या. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्या खोलीकडे वळल्या. दार उघडलं. स्वेटर घातलेले घड, त्यांच्यामागे कपाटाएवढं पांढरं यंत्र आणि रांगेने घमेली, हे सगळं त्यांनी एकदा डावीकडून उजवीकडे पाहिलं. मग एका घडाची कानटोपी काढली आणि केळं अंगठ्याने दाबलं.

"मेली," त्या म्हणाल्या.

"सुनंदा, मी…"

"आठीच्या आठी?"

"हो."

त्या स्वेटरांच्या घड्या घालू लागल्या. आत्मारामभाऊंना वाटलं, ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

"एवढं मोठं मशीन कोनासाठी आनलंत?"

"तुझ्यासाठी. रोज पहाटे तू हंडा उचलतेस. हात सुजतात. तुला आंघोळीला गरम पाणी आयतं मिळावं म्हणून…"

"मला?" सुनंदाबाईंच्या हातातली घडी तशीच राहिली. "अहो, मी कधी गरम पान्यानं आंघोळ केलीय? माहेरापासून मी विहिरीच्या पान्यानं करते. तो हंडा तुमचा असतो."

"फक्त माझा?"

"मग कोनाचा? तुम्ही उठायच्या आत माझी आंघोळ झालेली असते. अडतीस वर्सं झाली."

आत्मारामभाऊंना वहीतला हिशेब आठवला. दोन माणसं, असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. जगातल्या सगळ्या कंपन्यांना प्रश्न विचारून झाले होते. हा एक प्रश्न माजघरातून स्वयंपाकघरात जाऊन विचारायचा होता.

"हंडा जड होता खरा," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, आणि काळ्या केळ्यांचे घड एकेक करून गुरांच्या गोठ्याकडे नेऊ लागल्या. आत्मारामभाऊंनी मदतीला हात पुढे केला. "राहू दे," त्या म्हणाल्या. ते दोन शब्द त्यांना पुढे बरेच दिवस ऐकू येत राहिले.

प्रदर्शनात सुनंदाबाईंचं टेबल दुसऱ्या कुणाला तरी लोणच्यांसाठी दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी शेजारची क्लेमेंटीन समजूत घालायला आली. तिची सोनचाफ्याची बाग होती. आत्मारामभाऊंच्या आंघोळीसाठी पंप आता पुन्हा चालू झाला होता. यंत्र बघू म्हणून ती त्या खोलीत शिरली, आणि समजूत घालायची विसरलीच.

"अगो सुनंदा! हे तर महाबळेश्वर!"

"राजेळीला नाही मानवलं."

"राजेळीचं जाऊ दे गो. माझा चाफा पहाटे तोडला की दुपारी मान टाकतो. व्यापारी संध्याकाळी येतो नि अर्ध्या फुलांना नाक मुरडतो. टोपल्या इथे ठेवू?"

सुनंदाबाईंनी आधी त्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं, मग आत्मारामभाऊंकडे. "ठेव," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी चाफा सकाळी टवटवीत होता, अकरापर्यंत मलूल झाला. खोली पुन्हा उबदार झाली होती. सुनंदाबाईंनी धनेशला फोन लावला.

"काकू, टाकीतलं पाणी तापलं की मशीन बंदच होणार ना," धनेश म्हणाला. "गरम पाणी वापरा, मग परत चालू होईल."

"ओतून देऊ?" क्लेमेंटीनने विचारलं.

"विहिरीचं पानी? उगीच ओतायचं?" सुनंदाबाईंच्या कपाळाला आठी पडली. तिघंही विचारात पडली. म्हणजे दोघी विचारात पडल्या, आणि मग दोघींनी हळूहळू माना वळवून आत्मारामभाऊंकडे पाहिलं.

तेव्हापासून आत्मारामभाऊ सकाळी सात, अकरा आणि दुपारी तीन अशा तीन आंघोळी करू लागले. प्रत्येकी चार बादल्या. बोटांची टोकं सुरकुतली, साबण आठवड्यात संपू लागला, शेजारी तब्येत विचारू लागले. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. आठ घडांच्या मानाने ही शिक्षा त्यांना फारच हलकी वाटत होती, आणि तेच त्यांना सलत होतं.

मार्च उजाडला. एका दुपारी तीनच्या आंघोळीला ते न्हाणीत गेले आणि गरम नळ न सोडता कोपऱ्यातली विहिरीच्या पाण्याची बादली पुढे ओढली. ती अडतीस वर्षं ज्या पाण्याने न्हाली, ते अंगावर कसं लागतं हे निदान एकदा तरी कळावं, असं त्यांना कितीतरी दिवस वाटत होतं. त्यांनी तांब्या बुडवला आणि छाती घट्ट करून खांद्यावर उचलला.

"अहो!" बाहेरून हाक आली. "थंड पान्यानं करताय ना?"

तांब्या तिथेच थांबला. "तुला कसं कळलं?"

"मशीन गप आहे."

"सुनंदा, तू इतकी वर्षं… मला वाटलं, आपणही एकदा…"

बाहेर सुनंदाबाई दाराजवळ आल्या.

"माझं मला सवयीचं आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा जरा खालचा होता. "तुम्हाला सोसायचं नाही. खोकला धराल नि काढा मला करावा लागेल. गरमच घ्या. आनि लवकर घ्या, क्लेमेंटीनची फुलं माना टाकताहेत."

आत्मारामभाऊंनी तांब्यातलं पाणी परत बादलीत ओतलं आणि गरम नळ सोडला. बाहेर माडांच्या सावलीतही पस्तीस अंश होते. भिंतीपलीकडे पंप गुरगुरला, सोनचाफ्यावर गार वारा सुटला, आणि अलीकडे त्यांनी कढत पाण्याचा पहिला तांब्या निमूटपणे डोक्यावर घेतला.