मेश्रामकाकांचं पॅव्हेलियन

मेश्रामकाकांच्या घरी गेलात आणि त्यांनी तुम्हाला लगेच आत घेतलं, असं होणार नाही. फाटकाशी सुतळी बांधलेली असते. तिच्यामागं उभं राहायचं. दार उघडं असतं, आत खुर्च्या रिकाम्या दिसत असतात, तरी उभं राहायचं.

"पॅव्हेलियन आहे हे. लाइन नाही तं पॅव्हेलियन कायचं?" हे काकांचं ठरलेलं वाक्य.

काका आमचे शेजारी. बालाघाटच्या सिंचन खात्यात नकाशे काढायचे. जन्मभर कालव्यांच्या सरळ रेघा मारल्या. काकू गेल्यावर मुलगी पल्लवी त्यांना जपानला घेऊन गेली. ती ओसाकात नोकरी करते. तिथं तेव्हा जागतिक प्रदर्शन भरलं होतं. समुद्राकाठी लाकडात लाकूड अडकवून केलेलं भलंमोठं गोल कडं आणि त्याच्या आत देशोदेशींनी उभारलेली पॅव्हेलियनं, म्हणजे दालनं, एकाहून एक, आणि प्रत्येकापुढं लांबच लांब रांग. काका ते पाहून परतले आणि त्यांच्या डोक्यातल्या सरळ रेघा वाकल्या त्या वाकल्याच.

आल्या आल्या त्यांनी अंगणाभोवती बांबूचं कडं उभारलं. ओसाकाच्या कड्यावरून माणसं फिरायची, याच्यावरून आमची मांजर फिरते. बैठकीत पिठाची चाळणी टांगून तिच्यात दिवा सोडला, त्यामुळे भिंतभर ठिपके. मलाजखंडच्या साडूंकडून तांब्याचा पत्रा आणून, वाकवून दारावर बसवला. जोराचा वारा सुटला की तो गल्लीभर ऐकू येतो. लांजीकडच्या धानाच्या लोंब्या छतापासून उलट्या लटकतात आणि उंच माणसाच्या कानात जातात. सगळं बघून झालं की भेंडीचा काप शाईत बुडवून काका तुमच्या मनगटावर फुलाचा शिक्का मारतात. माझी बायको म्हणते, आठवडा गेला तरी न जाणाऱ्या त्या शाईपेक्षा भेंडी परवडली.

आत दोन मिनिटांचं काम, बाहेर मात्र पाव तास. मी एकदा वैतागून विचारलं, "काका, आत कोणीच नाही, मंग मले काहून थांबवता?"

"तुमी आत गेले तं लाइन संपली ना, भाऊ!"

मी थांबलो.

संध्याकाळी सहाच्या सुमारास तर ते फारच कडक होतात. दूधवाले यादवभैया, इस्त्रीचे कपडे आणणारी बाई, बँकेतून परतणारा मी, जो सापडेल त्याला सुतळीमागं उभं करतात. याच वेळी का, ते मला बरेच महिने कळलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात कळलं. त्या दिवशी रांगेत यादवभैया आणि मी, दोघंच. काका फोन समोर धरून बाहेर आले. एरवी ते दारातूनच फोन आमच्यावर रोखायचे आणि मला वाटायचं, फोटो काढतात; त्या दिवशी कळलं की रोज याच वेळी फोनवर पल्लवी असते. काकांनी फोन आमच्या तोंडाशी आणला, म्हणजे मागचा रिकामा रस्ता दिसू नये.

"पाह्य, पोरी, लाइन संपतच नाही. आन् तू म्हणते, बाबा एकटे आहेत, नोकरी सोडून येते. काहून येते? मले बोलाले फुरसत नाही!"

पल्लवी आमच्याकडे बघत राहिली. तेच यादवभैया, तीच त्यांची दुधाची कॅन, तोच मी आणि माझी तीच डब्याची पिशवी. मी पिशवी पाठीमागं घेतली, पण उशीर झाला होता. रोज तेच चेहरे बघून कोणाच्याही लक्षात आलं असतं.

"हौ बाबा," ती म्हणाली, "आज तं लय गर्दी दिसून राह्यली. मंग माहा नंबर कधी लागन?"

काकांनी सुतळीची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली.

"लागन. तू आपलं काम पाह्य. लाइन लंबी आहे."

फोन बंद झाला तरी ते त्याच्याकडे बघत उभे होते. मला फार वाईट वाटलं. मी एक पाऊल मागं सरलो. माझ्या आणि यादवभैयांच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली.

"ये जगह किसकी है, भैया?" यादवभैयांनी विचारलं.

"है एक जन की," मी म्हणालो.

काकांनी त्या जागेकडे पाहिलं. मग सुतळी सोडून यादवभैयांना आत घेतलं. त्यांच्यामागून मी निघालो, तसा काकांनी मला हातानं अडवलं.

"थांबा, भाऊ. पुढचा नंबर तुमचा नाही."