द्वारकाबाईंच्या झोपेचा पंचनामा

बावड्याच्या द्वारकाबाईंच्या हिरड्यांतून रक्त येत होते. पुढचे दोन दात हलत होते, भाकरी दुधात कुस्करावी लागत होती आणि ठणक्याने चार महिने झोप नव्हती. साखर तीनशेच्या वर.

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर उतरल्याशिवाय हिरड्यांना हात लावणार नाही. साखरेचे डॉक्टर म्हणाले, नीट झोपल्याशिवाय साखर उतरणार नाही. हिरड्या बऱ्या झाल्याशिवाय झोप लागणार नाही, हे द्वारकाबाईच सांगत होत्या, त्याला मात्र डॉक्टर लागला नाही. तिघांचेही बरोबर होते, हीच खरी अडचण होती.

अशा रुग्णांसाठी इंदापुरात ‘मधुमेही निद्रा-हिरडी समन्वय कक्ष’ उघडला होता. कक्षप्रमुख चिंतामणरावांनी अर्ज वाचला.

“मावशी, झोपेचा पंचनामा जोडा, हिरड्यांच्या उपचाराला मंजुरी लगेच.”

“झोपच येत न्हाय सायेब, म्हणून तर आले.”

“तुमची झोप खराब आहे, असं तुम्ही म्हणता. किती खराब ते मोजायला आधी झोप नको का?”

द्वारकाबाईंचे यजमान सर्जेराव यांना हे पटल्यासारखे वाटले, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

पंचनामा कार्यालयीन वेळेत, मंगळवारी अकरा वाजता ठरला. द्वारकाबाई आपल्या घराच्या पडवीत घोंगडीवर आडव्या झाल्या. पंच म्हणून शेजारच्या छबूबाई आणि डेअरीवरचा जयवंता. नियमानुसार चिंतामणराव दर दहा मिनिटांनी मोठ्याने विचारत, “झोप लागली का?”

“न्हाय.”

“नकार नोंदवला.”

“द्वारके, डोळं मीट की गं नीट. माझी आमटी राहिलीय,” छबूबाई कुरकुरल्या.

“मिटल्यात. हिरडीला कोण सांगायचं?”

“आबा, म्हशीबी या टायमाला पडत्यात,” जयवंताने सर्जेरावांना धीर दिला.

साडेबाराला चिंतामणराव शिरा-उपम्याच्या ताटात गुंतले, प्रश्न चुकला, आणि द्वारकाबाईंचा श्वास संथ झाला. तोंड जरा उघडे पडले. सर्जेरावांनी कोंबड्यांना हाताने, आवाज न करता, बाहेर घालवले. छबूबाईंनी बांगड्या कोपराकडे सारल्या.

चिंतामणराव कुजबुजले, “छान. आता उठवा, सही राहिली.”

“आत्ता लागलीय हो. चार म्हैन्यांनी,” सर्जेराव म्हणाले.

“म्हणूनच आत्ता हवी. नंतर केलेली सही जागेपणीची धरतात.”

द्वारकाबाईंना हलवून उठवण्यात आले. त्यांनी सही केली आणि पदराला रक्त पुसले. त्या दिवशी पुन्हा डोळा लागला नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आले. ‘झोप लागते : होय. उठवल्यास तत्काळ उठतात : होय. दर्जा : उत्तम. सबब साखर यथावकाश उतरेल, त्यानंतर हिरड्या आपोआप बऱ्या होतील. प्रकरण बंद.’

तोवर दोन्ही दात पडले होते. सर्जेरावांनी ते कागदात बांधून कक्षात नेले.

“हे बघा सायेब.”

चिंतामणरावांनी आदराने पाहिले. “म्हणजे आता हलत नाहीत. सुधारणा आहे.”

द्वारकाबाईंच्या उरलेल्या दातांच्या हिरड्या अजून ठणकतात, आणि चिंतामणरावांना आपण नावे ठेवतोच. पण त्यांना प्रकरण बंद करायला तीन आठवडे, दोन पंच आणि एक शिक्का लागले. आज सकाळी ब्रश करताना तुमचा फेस गुलाबी आला, तेव्हा तुम्ही फक्त नळ सोडलात, आणि प्रकरण बंद.