'करमत नाही'चं इंग्रजी

टेलरमामांची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली, ती तिकडचीच झाली. बाळ बसायला लागलं तरी बाईंचा परतायचा पत्ता नाही. इकडे मामांना घर खायला उठलं होतं. पण 'करमत नाही, ये' असं या वयात बायकोला म्हणायचं कसं? तेही दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत? छे!

मामांनी तोड काढली. कपडे शिवायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरी उसासे टाकत म्हणायच्या, "लाइफ नुसतं बोअरिंगली चाललंय." मामांना तो उसासा पटला. संध्याकाळी बायकोचा फोन आला तेव्हा घसा खाकरून म्हणाले, "इकडे सगळं बोअरिंगली चाललंय."

"अगं बाई! अहो, तुम्ही इंग्रजी बोललात?"

"म्हणजे... तसंच काहीतरी."

"अगं ए, ऐकलंस का? बाबा इंग्रजी शिकतायत!"

लेक, जावई, विहीणबाई, सगळे एकेक करून अभिनंदन करून गेले. शेवटी बायको म्हणाली, "मी असताना पेपर तोंडावर घेऊन घोरायचात. आता कसे सुधारताय! चालू द्या, मी काही इतक्यात येत नाही."

मामांनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी जेवणाचे हाल सांगितले, तर तिने शेजारच्या वहिनींचा डबा लावून दिला. मग ते मुद्दाम तुटक बोलले. "आज इंग्रजी नाही? बरं वाटत नाही का?" म्हणत तिने थेट डॉक्टरच धाडले. डॉक्टरांनी तिला फोनवर कळवलं, गडी ठणठणीत आहे. झालं! तिला उरलासुरला घोरही राहिला नाही.

अखेर एका तरुणाच्या अर्धवट कोटाची ट्रायल चालू असताना फोन आला आणि मामांचा धीर सुटला.

"खड्ड्यात गेलं ते इंग्रजी! मला तुझ्याशिवाय करमत नाही गं. ये ना!"

कोटवाला जागच्या जागी थिजला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हे आधी नाही का सांगायचं? मलाही इथे घास गोड लागत नव्हता. तिकीटसुद्धा काढलं होतं. तुमचं इंग्रजी ऐकलं आणि वाटलं, माझ्यावाचून यांचं छान चाललंय. रद्द केलं मी. आता महिनाभर रेल्वेत जागा नाही."

"मग मी येतो! आत्ता निघतो, मिळेल त्या बसने."

मामांनी मशीनवर कापड टाकलं, दिवा मालवला आणि तरुणाला हाताला धरून बाहेर काढलं.

"अहो मामा, कोटाची दुसरी बाही? उद्या लग्न आहे माझं!"

"मग तर तुला कळायलाच हवं!" म्हणत मामांनी शटर खाली ओढलं.