आण्णा छत निवडतात

आण्णा मगदूमांच्या इमारतीचं छत गळायला लागलं आणि आण्णांकडे माणसं यायला लागली. त्याआधी दोन वर्षं कुणी येत नव्हतं. शिरोली एमआयडीसीतली ही दुमजली इमारत त्यांनीच उभी केलेली. खालचा मजला एका बेअरिंगवाल्याला आणि एका हॉटेलवाल्याला भाड्याने दिला होता, वर आण्णांचं जुनं ऑफिस तेवढं उरलं होतं. कारखाना बंद झाला, पत्नी माई गेल्या, मुलगा धैर्यशील पुण्याचा झाला. आण्णा मात्र रोज नऊच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात येत, पंखा लावत आणि पाच वाजेपर्यंत बसून राहत. खाली गिऱ्हाइकांची झुंबड असे, पण जिना चढून वर यायचं कुणालाच कारण नव्हतं.

जुलैत एके दिवशी टेबलावर थेंब पडला. कपाटाजवळ दुसरा. आण्णांनी दोन्हींच्या मधे बादली सरकवली. धैर्यशीलने फोनवर दोन मिनिटांत निकाल लावला. डांबर-बिंबर फासत बसू नका, हल्ली मोठ्या इमारतींवर प्लास्टिकच्या शीटचा एकच थर टाकतात, जोड गरम हवेने वितळवून एकजीव करतात. दोघांना बोलवा, कोटेशन घ्या, एक निवडा आणि लवकर आटपा, असं सांगून तो मीटिंगला गेला.

पहिला आला धवल. मोठ्या कंपनीचा विक्री अधिकारी, तिशीचा, मूळचा नाशिकचा, सहा महिन्यांपूर्वी बदलून कोल्हापुरात आलेला. त्याने लॅपटॉप उघडला आणि आपल्या पांढऱ्या शीटचं पुराण लावलं. ती ऊन परतवते, खालची खोली गार राहते, वीस वर्षं बघायला नको. आण्णा एकटक ऐकत होते. खरं सांगायचं तर त्यातलं अक्षरही त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. समोर एक माणूस बसलाय आणि आपल्याकडे बघून बोलतोय, याचंच त्यांना अप्रूप वाटत होतं. दोन चहा झाले, जयसिंगपूरचं भडंग झालं. धवल बॅग उचलू लागला तसं आण्णांच्या तोंडून निघून गेलं, "पण पावणं, माकडांनी नखं मारली तर?"

माकडांचं धवलच्या माहितीपत्रकात काही नव्हतं. ऑफिसला विचारून सांगतो म्हणाला, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा आला.

आण्णांना युक्ती सापडली. पाहुणा उठायच्या बेताला आला की एक अवघड प्रश्न टाकायचा. पतंगाच्या मांजाने शीट कापते का? वर वरातीतला फटाका पडला तर? धवल दर मंगळवारी एक उत्तर घेऊन येई आणि एक प्रश्न घेऊन जाई.

शुक्रवार गुंडू मिस्त्रीचा. हा इथलाच ठेकेदार, पंचेचाळिशीचा, लॅपटॉपऐवजी पिशवीतून शीटचा तुकडा काढून टेबलावर आपटणारा. त्याची शीट करडी, वेगळ्या जातीची. पांढरीचं नाव काढताच तो उसळला. "आण्णा, खाली हाटेल हाय. तळणाचं तेल धुराड्यातनं वर उडतंय का न्हाय? ती पांढरी तेलानं फुगती." धवलला हे कळल्यावर त्याने थंडपणे सांगितलं की करडी शीट जुन्या डांबराला टेकली की कडक होऊन तडकते, आणि छतावर तर वीस वर्षांचं डांबर आहे. म्हणजे दोघंही खरं बोलत होते. आण्णांना देवच पावला. आता महिनाभर तरी काही ठरवता येणार नव्हतं.

नुसत्या बोलण्यावर काय ठरवायचं, प्रत्यक्ष दाखवा, असं आण्णांनी दोघांनाही सांगितलं. उघडीप बघून धवलने कारागीर आणला आणि टेबलाच्या वरच्या जागी भलामोठा पांढरा तुकडा बसवून दिला. शुक्रवारी गुंडूने तो बघितला आणि त्याचा कोल्हापुरी अभिमान जागा झाला. त्याने स्वतः हीट गन घेतली आणि कपाटाच्या वर, पावसाच्या पाइपाभोवती, त्याहून मोठा करडा तुकडा चिकटवला.

पुढच्या आठवड्यात पाऊस असा कोसळला की पंचगंगा रस्त्यावर यायच्या बेतात आली. आण्णा बादलीजवळ खुर्ची टाकून बसले. दिवसभर बादलीत थेंब पडला नाही. इतक्या कोरड्या बादलीने कुणाचा जीव असा कासावीस झाला नसेल. गळती थांबली म्हणजे मंगळवार गेला आणि शुक्रवारही गेला. आता हा जिना पुन्हा त्यांचा एकट्याचा होणार होता.

मंगळवारी धवल यायच्या आधी आण्णांनी हळूच दोन तांबे पाणी बादलीत ओतलं. शुक्रवारीही ओतलं. असे तीन आठवडे गेले. या भरात बाहेर चार दिवस कडक ऊन पडलं होतं, हे मात्र त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

गुंडू वैतागला. माझा जोड गळत नाही, त्या नाशिकच्या साहेबाचा गळतोय, असं म्हणून त्याने धवललाच फोन लावला. दोघांनी मिळून ठरवलं की पाइपांची तोंडं बंद करायची, छतावर दोन इंच पाणी भरायचं आणि दोन दिवस खाली बसून बघायचं. मग कोण खोटा ते दिसेल.

ते दोन दिवस आण्णांच्या आयुष्यात माई गेल्यापासूनचे सगळ्यात चांगले दिवस ठरले. गुंडूच्या घरून भाकरी आणि झुणका आला. पत्ते निघाले. धवलने नाशिकच्या आईच्या गोष्टी सांगितल्या, गुंडू दर डावाला चिडला. आण्णा इतके हसले की खालचा बेअरिंगवाला काय झालं म्हणून जिन्यात डोकावून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं वर पाणी बघायला गेले, आणि मंगळवार-शुक्रवारच्या सवयीने आण्णांच्या हाताने घात केला. दोघं खाली आले तर छताची खालची बाजू ठणठणीत कोरडी आणि बादलीत वीतभर पाणी. गुंडूने बोट बुडवून वास घेतला.

"आण्णा, ह्याला ब्लीचिंग पावडरीचा वास येतोय. हे नळाचं पाणी हाय."

साठ कामगार हाताखाली वागवलेला माणूस, पण आण्णांना वर बघवेना. "व्हय," ते शेवटी म्हणाले. "मीच वततोय. गळायचं थांबलं तर तुमी कशाला येशीला?"

मग धवलने लॅपटॉप मिटला. "मला माहीत होतं, आण्णा. कडक उन्हात बादली भरते कशी? कंपनीला मी दर आठवड्याला कळवत होतो, ग्राहक विचार करतोय म्हणून. नाहीतर मंगळवारीसुद्धा लॉजवर एकट्यानंच बसायचं."

गुंडूने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "म्हंजे हितं छत इकाय मी एकटाच येत हुतो?"

आण्णांना हसूही आलं आणि डोळेही भरले. पण माणूस मुळात कारखानदार. त्यांनी नाक पुसलं आणि सरळ व्यवहाराला हात घातला. उरलेलं छत आज ना उद्या गळणारच आहे, तेव्हा अर्धं धवलने पांढरं करावं, अर्धं गुंडूने करडं.

धवल गडबडला. दोन जातींच्या शीट एकमेकींना वितळून चिकटतच नाहीत, कंपनीच्या पुस्तकात हे सक्त मना आहे, असं तो सांगू लागला. यावर मात्र गुंडूचंही त्याच्याशी एकमत झालं.

"आण्णा, एकच कुठली तरी घ्या, पायजे तर त्येची घ्या," तो कळवळून म्हणाला. "मधल्या जोडाला नुसती पट्टी मारून भागवाय लागंल. त्यो कायम कच्चाच ऱ्हाणार. सारखं येऊन बघाय लागंल."

"दोघांनाबी?"

"दोघांनाबी. एकमेकाच्या कामावर भरवसा कोण ठेवतंय?"

"किती वर्सं?"

"छत हाय तवर."

"मग तसंच करा," आण्णा म्हणाले, आणि त्यांनी खाली हॉटेलात तीन चहा सांगितले.