निम्म्यातनं पडतो

रविवारी पिंपळवंडीचे पाहुणे तेजस्विनीला बघून गेले आणि बुधवारी तेजस्विनी आईला घेऊन मंचरला पिक्चर बघायला गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीएक संबंध नव्हता. तो लंकाबाईंनी जोडला.

तेजस्विनी निरगुडसरची. मंचरच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिची मावसबहीण प्रज्ञा लग्न होऊन पिंपरीला गेलेली. दोघींचा जुना शिरस्ता असा, की पिक्चर जिनं आधी पाहिला तिनं दुसरीला फोन करून कसा आहे ते सांगायचं. दोघींना पिक्चरचं भयंकर वेड होतं, पण आवडायचे मात्र थोडे. बहुतेक पिक्चर त्यांना 'बरे' वाटायचे. कधी गाणी बरी, कधी हिरोईनचे कपडे बरे, कधी नुसतं थेटरातलं गार वारं बरं. तरी पुढच्या आठवड्यात नवा पिक्चर लागला की दोघी पुन्हा तयार.

गावात फोनची सोय सोमाजीच्या दुकानात होती. एका अंगाला किराणा, दुसऱ्या अंगाला पिठाची गिरणी आणि मधल्या भिंतीला फोन. गुरुवारी संध्याकाळी लंकाबाई बाजरीचं दळण घेऊन गिरणीत उभ्या होत्या, तेव्हा तेजस्विनी पलीकडे प्रज्ञाशी बोलत होती. गिरणीच्या घरघरीत ऐकू जावं म्हणून चांगली ओरडून बोलत होती. तेवढ्यात लाइट गेली. गिरणी थांबली, पण बोलण्याच्या भरात तेजस्विनीचा आवाज काही खाली आला नाही.

"बघितला ना. बरा आहे गं. वाईट नाही, पण लई काय भारी पण नाही."

लंकाबाईंनी दळणाचा डबा खाली ठेवला. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलाचे वडील नानासाहेब त्यांचे मावसभाऊ, आणि तेजस्विनी त्यांच्या शेजारची. होकार येतो की नकार, या काळजीनं त्यांना रविवारपासून जेवण गोड लागत नव्हतं.

"दिसायला चांगला आहे. पण आत काही दम नाही," तेजस्विनी सांगत होती. "सुरुवातीला बरा चालतो, मग निम्म्यातनं पडतो."

लंकाबाईंनी भिंतीचा आधार घेतला.

"शेवट काय होणार ते तर आधीच कळतं... आई? आई रडली की. तिला काय, कुणाचीही दया येते... छे, परत कशाला? एकदा बघितला तेवढा बास."

लाइट आली. गिरणी सुरू झाली. पुढचं काही ऐकू आलं नाही, आणि लंकाबाईंना ऐकायचंही नव्हतं. पोरगी नर्स होती. रोज पेशंट बघणारी. तिनं मुलाला, रत्नदीपला, एकदा बघितलं आणि ओळखलं. आत दम नाही. चालता चालता पडतो. आणि शेवट तर...

सांगावं की न सांगावं, या विचारात लंकाबाईंनी रात्र काढली. सांगितलं तर त्याच्या आईच्या, जानकावैनीच्या काळजाला घोर. न सांगितलं तर पोरगा हातचा जायचा. सकाळी पहिल्या एसटीनं त्या पिंपळवंडीला निघाल्या.

नानासाहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. आता घरची शेती बघत. रत्नदीप त्यांचा एकुलता मुलगा. त्याचं गावातच मोटार भरायचं दुकान होतं. लोकांनी विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी आणून द्यायच्या आणि त्यानं तांब्याची तार नव्यानं गुंडाळून त्या चालू करून द्यायच्या. हातात कला होती, बोलणं कमी होतं.

लंकाबाई चहाला नको म्हणाल्या, तेव्हाच जानकाबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"वैनी," लंकाबाईंनी हळूच विचारलं, "रत्नदीपला कधी खोकला येतो का?"

"धूळ गेली तर येतो. कुणाला येत नाय?"

"आन् चालता चालता पडतो बिडतो का?"

"मागं शेवाळावरनं पडला व्हता. पण तुमी हे का इचारता?"

मग लंकाबाईंना राहवलं नाही. त्यांनी ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. एक शब्द वाढवला नाही की कमी केला नाही, हे त्यांनी पुढं आयुष्यभर शपथेवर सांगितलं, आणि ते खरंच होतं.

नानासाहेबांनी आधी उडवून लावलं. "एकदा बघून कुणाला आजार कळतो व्हय?"

"नर्स हाय ती, दादा. त्यांची नजर येगळी आसती."

रत्नदीप जेवायला घरी आला तेव्हा तिघंही त्याच्याकडं टक लावून बघत होती. त्याला सगळं समजल्यावर त्यानं समोरचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "पोहे देताना ती माझ्या नखांकडं बघत व्हती."

"बघ," लंकाबाई म्हणाल्या. "डॉक्टरबी आधी नखंच बघतात."

त्या दुपारी रत्नदीपला आयुष्यात पहिल्यांदा धाप लागली. मोटारीचं झाकण उघडता उघडता तो खाली बसला. उद्या काय होईल या विचारानं त्याला भूक लागेना, भूक लागेना म्हणून जानकाबाईंना रडू यायला लागलं, आणि आई रडते म्हणजे काहीतरी आहेच, हे बघून त्याची धाप वाढली.

नानासाहेब त्याला नारायणगावला घेऊन गेले. एक्स-रे झाला, कार्डिओग्राम झाला. रक्त द्यायची वेळ आली तेव्हा रत्नदीपनं सुई बघून हात मागं घेतला. "भितो काय? हे बघ," म्हणून नानासाहेबांनी आधी स्वतःचा हात पुढं केला. मग पोराचं रक्त निघालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रत्नदीपचे सगळे कागद बघितले आणि म्हणाले, "ठणठणीत आहे हा. काही नाही."

"नीट बघा, डॉक्टरसायेब. ती म्हणती निम्म्यातनं पडतो."

"कोण म्हणते?"

"सून. म्हंजे अजून झाली नाय."

डॉक्टरांच्या लक्षात काही आलं नाही. बाप-लेकाचं समाधान व्हावं म्हणून त्यांनी एक टॉनिक लिहून दिलं. तिथंच घोटाळा वाढला. काही नाही, तर मग टॉनिक कशाला दिलं? ही शंका जानकाबाईंनी शेजारच्या रखमाजीला बोलून दाखवली आणि संध्याकाळपर्यंत ती गावभर झाली.

लोक भेटायला येऊ लागले. कुणी बिस्किटचा पुडा आणला, कुणी मोसंबी. रखमाजी तर रत्नदीपचा हात हातात घेऊन बराच वेळ नुसता बसला. उठताना म्हणाला, "तुझा सोभाव लई चांगला व्हता, भाऊ." त्यातला 'व्हता' ऐकून रत्नदीपनं हातातली मोसंबी खाली ठेवली.

दुकानात दुसरीच गंमत. भागू नावाचा शेतकरी आपली मोटार परत न्यायला आला. "तुमी आराम करा, राव. मी आळेफाट्याला भरून घेतो. तुमच्या जिवापरीस मोटार जास्ती हाय का?" त्याच्यामागं आणखी दोघं आले. दुकान रिकामं व्हायला लागलं.

त्या रात्री रत्नदीप वडिलांना म्हणाला, "आबा, आपण तिलाच जाऊन इचारू. तिनं नकार दिला तरी चालंल. पण हाय काय ते एकदा सांगू दे."

बाप-लेक मंचरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा दुपारची गर्दी ओसरत होती. पांढऱ्या कपड्यातली तेजस्विनी एका म्हातारीच्या हाताला पट्टी बांधत होती. दोघांना बघून ती गडबडली. उत्तर द्यायला उशीर केला म्हणून हे थेट कामावर येऊन धडकले, असं तिला वाटलं.

"जयभीम काका. तुम्ही इथं?"

"जयभीम, पोरी. आमी जबरदस्ती करायला नाय आलो," नानासाहेबांनी बगलेतलं एक्स-रेचं मोठं पाकीट टेबलावर ठेवलं. "लग्नाचं ऱ्हाऊ दे बाजूला. याला काय झालंय तेवढं सांग."

"यांना? काय झालंय?"

"तेच तर आमी इचारतोय. तुला कळलंय ना."

"असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच बोलली. आत दम नाय, म्हणली. निम्म्यातनं पडतो, म्हणली." नानासाहेब एकेक बोट मोजत होते. "शेवट आधीच कळतो, म्हणली. तुझी आईबी रडली."

तेजस्विनी एकदा त्यांच्याकडं, एकदा रत्नदीपकडं बघत राहिली. मग तिनं कपाळाला हात लावला.

"काका, तो पिक्चर होता."

"कोण?"

"मी पिक्चरबद्दल बोलत होते. फोनवर, माझ्या बहिणीशी."

नानासाहेबांना हे पचायला वेळ लागला. त्यांनी एकेक वाक्य परत विचारून घेतलं आणि तिनं एकेका वाक्याचा खुलासा केला. पडतो म्हणजे मध्यंतरानंतर रटाळ होतो. दम नाही म्हणजे गोष्टीत दम नाही. शेवट कळतो, कारण त्यातल्या हिरोला आजार असतो आणि तो मरणार हे उघडच असतं.

"आन् नखं का बघत व्हता?" रत्नदीपनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"काळी होती म्हणून. मला वाटलं दरवाजात चेमटली असतील."

"वार्निश हाय. मोटारीचं." मग त्याच्या डोक्यात काहीतरी आलं. "तो पिच्चर मीबी बघितला. नारायणगावात."

"कसा वाटला?" तिनं सवयीनं विचारलं.

"मला आवडला."

"शेवट कळतो की आधीच."

"मला नव्हता कळला. मला आखरीपर्यंत वाटत व्हतं, वाचंल तो."

"अहो, पहिल्याच सीनला खोकतो तो."

"मला वाटलं धूळ गेली आसंल."

तेजस्विनी हसली नाही. ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि या वेळी नखांकडं बघत नव्हती. रविवारी पोहे देताना तिनं या माणसाचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता, हे तिला आत्ता कळलं.

काहीतरी करायला हवं म्हणून तिनं पाकीट उघडलं. एक्स-रे उजेडात धरला, कार्डिओग्राम पाहिला, रक्ताचा कागद वाचला. सगळं उत्तम होतं. त्याखाली आणखी एक कागद होता. तो वाचताना तिच्या कपाळाला आठी पडली.

"हा कुणाचा?"

"माझा," नानासाहेब म्हणाले. "हा सुईला भीत व्हता, म्हणून आधी मी हात पुढं केला. ते सोड."

"रक्त दिलं तेव्हा काही खाल्लं होतं?"

"घास उतरत नव्हता, पोरी. उपाशीच व्हतो."

"उपाशीपोटी एवढी साखर? डॉक्टरांना दाखवला नाही हा कागद?"

"माझा कशाला दाखवायचा? आजारी हा व्हता."

पुढचा तासभर रत्नदीपकडं कुणी लक्षच दिलं नाही. तेजस्विनीनं नानासाहेबांना खुर्चीवर बसवलं, बोटातून पुन्हा रक्त काढलं, आतल्या डॉक्टरांपुढं उभं केलं, गोळ्या आणून दिल्या आणि आजपासून गोड एकदम बंद, हे अशा आवाजात सांगितलं, की तशा आवाजात पाटबंधारे खात्यातल्या त्यांच्या साहेबानंही कधी सांगितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर नानासाहेब स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरले. "पोरगं धडधाकट हाय. एवढ्या आनंदावर एक प्लेट जिलबी तर खाऊ."

जिलबी आली. रत्नदीपनं प्लेट आपल्याकडं ओढली. "तिनं नको सांगितलंय, आबा."

"अजून व्हकार यायचाय," नानासाहेब म्हणाले, "आन् तू आत्तापासनंच तिचं ऐकाया लागला."

रत्नदीपनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि जिलबी संपवली. त्याला बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

पुढच्या रविवारी लंकाबाई पुन्हा पिंपळवंडीला आल्या. झाल्या प्रकारानं त्या इतक्या खजील झाल्या होत्या, की दारातच उभ्या राहिल्या. जानकाबाईंनी हाताला धरून आत घेतलं.

"पोरीकडचा काय निरोप?" जानकाबाईंनी विचारलं.

"निरोप असा काय नाय," लंकाबाई चाचरत म्हणाल्या. या वेळी एक अक्षर इकडं-तिकडं होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. "ती एवढंच म्हणाली, मामांना सांगा, सोमवारी उपाशीपोटी रक्त तपासायला या. आन् साखर बंद म्हंजे बंद."

"काय म्हणाली? परत सांगा."

"साखर बंद."

"ते नाय. त्याच्या आधीचं."

"मामांना सांगा, म्हणाली."

जानकाबाई नवऱ्याकडं वळल्या. त्यांचे डोळे भरले होते. "तुमाला तर दवाखान्यात काका म्हणत व्हती ना? नात्यात नसताना सासऱ्याबिगर कोण कुणाला मामा म्हणतं?"

दारात उभा असलेला रत्नदीप दुकानाकडं निघून गेला. त्याचे कान लाल झाले होते.

नानासाहेबांनी मात्र बिनसाखरेच्या चहाची बशी तोंडाला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"साखरपुडा आला," ते म्हणाले, "आन् माझी साखर गेली."